उलव्याच्या डोंगराची माती

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले, आणि दुपारच्या चहाच्या वेळीं सूनबाई मला म्हणाल्या, "अण्णा, यंदां मुलांचें तुम्हींच कांहीं तरी पाहा. त्यांच्या हातांतला मोबाइल मला काढून घेतां येतो. पण त्या रिकाम्या हातांत काय द्यावयाचें, तें कांहीं सुचत नाहीं."

छत्तीस वर्षें शाळेंत दुसऱ्यांना प्रश्न घालण्यांत गेलीं. त्यामुळें उत्तरें देण्याची संवय राहिलेली नाहीं. "पाहूं," असें म्हणून मीं वेळ मारून नेली.

आमचें बिऱ्हाड उलव्यांतील एका बारा मजली इमारतींत नवव्या मजल्यावर आहे. शेजारशेजारचे दोन ब्लॉक. एकांत थोरला मुलगा, दुसऱ्यांत धाकटा. चूल मात्र एक. नातवंडें चार. थोरला अकरा वर्षांचा, त्याच्या पाठची नात आठ वर्षांची, आणि धाकट्या मुलाचीं जुळीं पांच वर्षांचीं. मी मूळचा अष्टागरांतला, चौलकडचा. आमच्या लहानपणीं शरद् ऋतु कोणी मुलांना शिकवीत नसे. पाऊस ओसरला कीं अंगण पुनः सारवून निघे, वाडींत सुपारीच्या गळलेल्या झावळ्यांची गाडी करून आम्ही एकमेकांस ओढीत असूं, आणि किल्ल्यासाठीं माती कोठून आणावयाची हा प्रश्न तर कधीं उद्भवलाच नाहीं. ती चोहोंकडे होती. येथें माझ्या नातवंडांच्या पायांखालीं प्रथम लागते ती लिफ्टची लादी, मग मोटारींच्या तळाची फरशी, आणि मग सिमेंटच्या ठोकळ्यांचा रस्ता. तीन वर्षांपूर्वीं येथें राहावयास आलों तेव्हांच माझा मनांतल्या मनांत निकाल झाला होता कीं, या गांवाला शरद् नाहीं. तो निकाल चुकला. कसा चुकला, तें सांगण्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

ज्यांनीं उलवें पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यांत, पनवेलच्या खाडीच्या दक्षिणेस, सिडकोनें वसविलेलें हें नवी मुंबईचें एक उपनगर आहे. सिडको १९७० सालीं स्थापन झाली; परंतु आमच्या या बाजूस वस्ती वाढली ती फार अलीकडे. नेरुळ-बेलापुराकडून आगगाडी २०१८ च्या नोव्हेंबरांत खारकोपरपर्यंत आली आणि २०२४ च्या जानेवारींत पुढें उरणास गेली. त्याच जानेवारींत शिवडीहून समुद्रावरून येणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु खुला झाला, त्याचा एक उतार आमच्या दारांतच टेकला. गव्हाण, वहाळ, मोहा, शेलघर हीं जुनीं आगरी-कोळी गांवें या उंच इमारतींच्या मध्यें आणि कडेनें अद्याप आहेत. मात्र गाडींतून जाणाऱ्याच्या दृष्टीस तीं सहसा पडत नाहींत.

गच्चीवर गेलें तर पश्चिमेस खाडी आणि तिवरांची काळपट हिरवी पट्टी दिसते. पूर्वेस माथेरान आणि प्रबळगडाची रांग. आग्नेयेस, पाऊस सरल्यावर हवा धुतलेली असली म्हणजे, कर्नाळ्याचा सुळका अंगठा वर केल्यासारखा दिसतो. आणि अगदीं जवळ, पूर्वेच्या अंगास, विमानतळाचें सपाट, अफाट मैदान. हें मैदान मी रोज पाहत होतों, पण तें पूर्वीं काय होतें हा विचार मला कधीं शिवला नव्हता. भूगोल शिकविणाऱ्या माणसानें हें लिहितांना संकोच वाटावा. तसा तो वाटतो आहे.

प्रारंभ दसऱ्यापासून केला. दसरा त्या वर्षीं, म्हणजे २०२५ सालीं, २ ऑक्टोबरला होता. आदल्या दिवशीं बाजारांत फांद्यांचे भारे आले, आणि मीं चौघांस घेऊन भाजीवालीसमोर उभें केलें. भाऱ्यांत दोन जातीचीं पानें होतीं. आपट्याचें पान आंखूड, लांबीपेक्षां रुंदीला अधिक, जाडसर आणि हाताला खरखरीत. कांचनाचें पान मोठें, पातळ आणि मऊ. दोघेही एकाच कुळांतले, म्हणून फसगत सोपी. विकणारी बाई म्हणाली, "सोनं तें सोनं, गुरुजी!" तिचेंही खरेंच, पण थोरल्यानें डोळे मिटून नुसत्या बोटांनीं दोन पानें ओळखलीं तेव्हां मला जो आनंद झाला तो सोन्याहून कमी नव्हता. फांद्या आम्हीं घेतल्याच नाहींत. दसऱ्याच्या एका दिवसासाठीं झाडें ओरबाडून निघतात, हें मला पूर्वींपासून पसंत नाहीं. दोन पानें नमुन्याला आणलीं, त्यांवरून जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचीं पन्नास पानें कातरलीं, जुळ्यांनीं त्यांना हळदीच्या पाण्यानें रंगविलें, आणि प्रत्येक पानावर ज्याला द्यावयाचें त्याचें नांव लिहिलें.

रात्रीं रघु आणि कौत्स यांची कथा सांगितली. वरतंतूच्या शिष्याला चौदा विद्यांबद्दल चौदा कोटींची गुरुदक्षिणा हवी होती, रघूनें सर्वस्व दान केलेलें होतें, आणि कुबेरानें एका रात्रींत त्याचें कोठार भरलें. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत ही कथा आहे. कालिदासाच्या काव्यांत आपट्याचें झाड नाहीं, तें लोककथेनें मागाहून जोडलें; हें मीं मुलांस स्पष्ट सांगितलें. मुलांना गंमत वाटली ती निराळ्याच गोष्टीची. रघु म्हणतो, सारें घेऊन जा. कौत्स म्हणतो, चौदा कोटींवर एक नाणें नको. "आबा, म्हणजे तीं दोघें 'तुझें घे, तुझें घे' म्हणून भांडलीं?" नातीनें विचारलें. आमच्या घरीं भांडणें नेहमीं उलट्या दिशेनें होतात.

मधल्या दिवसांत हस्त नक्षत्र लागल्यावर आमच्या कुटुंबानें गच्चीवर हादगा मांडला. पाटावर तांदुळांचा हत्ती काढला, त्याला मसुरीचा डोळा लावला, आणि भोंवतीं इमारतींतल्या सोळा-सतरा मुली जमल्या. त्यांत निम्म्या परप्रांतीय. तामीळ शेजारणीच्या घरीं नवरात्रांत बाहुल्यांचा गोलू मांडतात, तिच्या मुलीनें फेर धरतांना आमच्या मुलींची चूक काढली! खिरापतीचा डबा वाजवून ओळखावयाचा खेळ तर भाषेवांचून चालतो. पहिल्या दिवशीं भिजवलेली डाळ, दुसऱ्या दिवशीं सांजा; तिसऱ्या दिवशीं हिनें मुद्दाम डब्यांत शेवयांचा उपमा असा दाबून भरला कीं, डबा वाजेचना. अर्धा तास कोणालाही ओळखतां आलें नाहीं.

दसऱ्यानंतरच्या रविवारीं, ५ ऑक्टोबरला, आम्ही सहलीला निघालों. थोरल्या मुलाची मोटार, त्यांत दाटीवाटीनें सातजण, आणि दडप्या पोह्यांचा डबा. पनवेलच्या पुढें गोव्याच्या रस्त्यावर प्रथम शिरढोण लागतें. हें वासुदेव बळवंत फडके यांचें जन्मगांव. ४ नोव्हेंबर १८४५ हा त्यांचा जन्मदिवस. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. त्यांचें घर आतां स्मारक म्हणून जपलेलें आहे. एडनच्या तुरुंगाच्या कोठडीचें दार बिजागरीसकट उखडून ते १८८३ च्या फेब्रुवारींत निसटले, पुनः पकडले गेले, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस वारले. जुळ्यांनीं त्या घराचें प्रत्येक दार हलवून पाहिलें. मीं रागें भरलों नाहीं.

कर्नाळा तेथून अगदीं जवळ. सुमारें बारा चौरस किलोमीटरांचें हें पक्षी-अभयारण्य १९६८ सालचें आहे. खालच्या पोर्तुगीज-निजामशाही-मराठे-इंग्रज अशा हस्तांतरांची जंत्री मीं पाठ करून नेली होती. परंतु पायवाटेवर शिरलों आणि भृंगराज बोलूं लागला. हा काळा पक्षी, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोंकाला पिसांची फिरकी. इतर पक्ष्यांच्या बोलीची नक्कल करण्यांत याचा हात धरणारा दुसरा नाहीं. अर्धा तास तो बोलत होता आणि मी गप्प होतों. १८१८ सालीं इंग्रजांनीं किल्ला घेतला, तो माझ्या खिशांतल्या कागदावरच राहिला. वरपर्यंत जुळीं चढणें शक्य नव्हतें. तिसऱ्या चढणीवर बसून पोहे खाल्ले. थोरला मात्र बापाबरोबर सुळक्याच्या तळापर्यंत जाऊन आला, आणि सुळक्याला मधमाशांचीं पोळीं लोंबतात हें सांगतांना त्याचे हात थांबेनात.

परततांना रस्त्याच्या कडेला भाताचें एक शेत दिसलें. बहुतेक लोंब्या पिवळ्या पडलेल्या, कापणी आठवड्यावर आलेली. बांधावर बसलेल्या गृहस्थास विचारून आम्हीं मूठभर लोंब्या घेतल्या, पैसे देऊं केले तर तो म्हणाला, "नव्याला कोनी पैसं घेतो काय?" दुसरे दिवशीं कोजागरी होती. कोंकणांत आम्ही तिला नवान्नपौर्णिमाही म्हणतों. लोंब्या, आंब्याचीं पानें, झेंडूचें फूल आणि नाचणीचें कणीस यांचें 'नवें' बांधून आम्हीं नवव्या मजल्याच्या दोन्ही दारांस लाविलें. शेजाऱ्यांनीं विचारलें तेव्हां नातच सांगावयास पुढें झाली.

रात्रीं गच्चीवर दूध आटविलें. चंद्राचा ढगांशीं लपंडाव चालला होता. आश्विनीच्या चालीप्रमाणें हिनें ज्येष्ठ अपत्यास ओवाळण्यासाठीं पाट मांडला, आणि त्यावर चाळीस वर्षांचा, टक्कल पडूं लागलेला आमचा चिरंजीव येऊन बसला, तेव्हां मुलांना हंसूं आवरेना. 'बाबा पण कोणाचें तरी बाळ आहेत' हा शोध त्यांना नवा होता. मग पाळी थोरल्या नातवाची.

त्याच रात्रीं नातीनें तो प्रश्न विचारला. विमानतळाचे दिवे लागले होते. दोनच दिवसांनीं, ८ ऑक्टोबरला, प्रधानमंत्र्यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन व्हावयाचें होतें, म्हणून सारी धांदल चालली होती. "आबा, तेथें आधीं काय होतें?" मीं म्हटलें, "मोकळी जागा असेल." तिचें समाधान झालें नाहीं. "पण उलवें हें नांव कशाचें?"

मला ठाऊक नव्हतें. खालीं फाटकाशीं रात्रपाळीला एक म्हातारा रखवालदार असतो, सत्तरीच्या पुढचा, या भागांतलाच आगरी. दुधाचा पेला घेऊन मी मुलांसह त्याच्याकडे गेलों आणि तोच प्रश्न त्याला केला. त्यानें पेला खालीं ठेविला, पूर्वेकडे हात केला, आणि म्हणाला, "उलवा त्यो व्हता, गुरुजी. ह्यो नुसता नांव हाय."

मग त्याच्याकडून जें कळलें, आणि मागाहून मीं वर्तमानपत्रें चाळून जें पडताळून घेतलें, तें असें. विमानतळाच्या जागीं सुमारें ९० मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर होता. उलवें, गणेशपुरी, तरघर, कोंबडभुजे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा इत्यादि दहा गांवें विमानतळासाठीं उठलीं. सुमारें तीन हजार कुटुंबें करंजाडे, वडघर, पुष्पकनगर या बाजूस नेऊन वसविलीं. उलवें नदीचा प्रवाह वळविला. २०१७ पासून सुरुंग लावून डोंगर उतरविला, आणि त्याच दगडमातीनें सभोंवतालची खोलगट, खारी जमीन भरून काढली. म्हणजे डोंगर कोठें दूर गेलेला नाहीं. तो आडवा झाला आहे. विमानें त्याच्याच पाठीवर उतरावयाचीं आहेत. जमिनीचा मोबदला कसा मिळाला, त्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत जासईस काय लढा झाला, दि. बा. पाटील कोण, हें म्हाताऱ्यानें सांगावयास घेतलें तर रात्र पुरली नसती. विमानतळाला त्यांचेंच नांव द्यावें म्हणून या भागांतल्या लोकांनीं पुढें मोठा आग्रह धरला. एवढ्यांत जुळीं तेथल्या बांकावर झोंपीं गेलीं.

आतां किल्ल्याकडे वळतों. आमच्या सोसायटीनें किल्ल्यांची स्पर्धा ठेविली होती. २०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. अकरा महाराष्ट्रांतले आणि तमिळनाडूंतला जिंजी. त्या बारांपैकीं एक करावा, अशी सूचना फळ्यावर लागली. थोरल्याला प्रतापगड करावयाचा होता. बाजारांत तयार किल्ले मिळतात, प्लास्टरचे, रंगविलेले, तटाबुरुजांसकट. तो घ्यावा असा आमच्या धाकट्या चिरंजीवांचा वेळ वाचविणारा विचार. सूनबाईंनीं मोबाइलवरून लाल मातीची एक पिशवी मागविली. दहा किलो माती, आणि वर घरपोंच आणण्याची हमाली! ती पिशवी दारांत आली त्या वेळीं माझें कांहीं तरी बिनसलें. मी दुपारीं जेवलोंच नाहीं. मातीला पैसे पडावे याचें दुःख मला कां झालें, हें मला घरच्यांस समजावून सांगतां येईना, आणि "अण्णांना आजकाल राग फार येतो" एवढाच त्याचा निष्कर्ष निघाला.

दुसऱ्या दिवशीं, १२ तारखेच्या रविवारीं सकाळीं, रखवालदार पाळी संपवून जातांना दोन गोण्या जिन्याखालीं ठेवून गेला. नातीनें त्याला किल्ल्याचें सांगितलें होतें. "डोंगराच्या बाजूचीच हाय," एवढेंच तो म्हणाला. मुरुमाची, तांबूस, खडे असलेली माती. नातीनें ती हातांत घेऊन पाहिली आणि म्हणाली, "आबा, मग डोंगरच करूं या ना." थोरला भडकला. डोंगराला बुरूज नाहींत, तोफा नाहींत, शिवाजीमहाराज कोठें बसवावयाचे? शिवाय बारांच्या यादींत तो नाहीं. त्याचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. मीं मत दिलें नाहीं; दिलें असतें तर तो रुसला असता आणि डोंगर माझाच झाला असता. मीं फक्त गणित घातलें. आपली इमारत बारा मजली, मजला तीन मीटरांचा. डोंगर नव्वद मीटर. तर डोंगर किती इमारतींएवढा? अडीच. तो गच्चीवर गेला, बराच वेळ तेथें उभा राहिला, आणि खालीं येऊन म्हणाला, "एका सेंटिमीटराला दोन मीटर धरूं. म्हणजे डोंगर पंचेचाळीस सेंटिमीटर होईल. कर्नाळा केला असता तर सव्वादोन मीटर लागले असते, तो छताला लागला असता." यानंतर प्रतापगडाचें नांव निघालें नाहीं.

ज्यांच्या घरीं असा उद्योग करावयाचा असेल त्यांच्यासाठीं कृति देतों. खालीं फुटक्या विटा आणि फरशांचे तुकडे रचून उंचीचा सांगाडा करावा. त्यावर जुनें गोणपाट मातीच्या पातळ राड्यांत बुडवून अंथरावें. तें वाळलें म्हणजे माती घसरत नाहीं. माती चाळून घ्यावी, खडे कडेकपारींस ठेवावे. थर एकदम जाड देऊं नये, तीन दिवसांत तीन द्यावे, नाहीं तर ऑक्टोबराच्या उन्हांत भेगा पडतात. हिरवळीसाठीं मोहरी सपाटीवर आणि अळीव उतारावर. याचें कारण असें कीं, अळिवाचें बीं भिजलें म्हणजे त्याला बुळबुळीत बलक सुटतो, तें उभ्या भिंतीलाही चिकटून राहतें. मोहरी गडगडून पायथ्याशीं जमते. चार-पांच दिवसांत डोंगर हिरवा होतो. पाणी हातानें शिंपडावें. जुळ्यांच्या हातीं तांब्या देऊं नये.

माणसें आणि गुरें करण्याला शाडू हवा होता. भाद्रपदांत आमचा गणपति शाडूचा, घरच्या पिंपांतच विसर्जित केलेला. ती माती वाळवून ठेविली होती. तिचीं खेळणीं करावीं हें आमच्या कुटुंबास रुचेना. ती माती तुळशींत जावयाची, असा तिचा कटाक्ष. अखेर तडजोड झाली कीं, त्या मातीचें जें करावयाचें तें पूजेचें करावें. पुढच्या शुक्रवारीं वसुबारस होती आणि उलव्यांत सवत्स धेनु कोठून आणावयाची हा हिचा दरवर्षींचा प्रश्न. नातीनें गाय केली, जुळ्यांनीं वासरें केलीं, दोघांचीं दोन. एका गाईला दोन वासरें झालीं, त्यांत एकाला शिंगें आईहून मोठीं. त्यांची यथासांग पूजा झाली, बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी त्यांच्यापुढें ठेविली, आणि मगच तीं डोंगराच्या पायथ्याशीं चरावयास गेलीं.

पायथा म्हाताऱ्यानें सांगितला. पाळीवर येण्यापूर्वीं तो अर्धा तास आधीं येऊन स्टुलावर बसे. काठीनें तो नदीचें जुनें वळण काढी, गांवदेवीचें देऊळ, विहीर, खाजणाचा बांध दाखवी. एकदां देऊळ नदीच्या चुकीच्या बाजूस गेलें तें त्यानें सारें मोडावयास लावलें. थोरला वहींत नकाशा काढी आणि म्हातारा त्याला "मास्तर" म्हणे. आकाशकंदिलाचा निळा पतंगी कागद उरला होता, त्याची नदी झाली. कंदील आम्हीं घरींच केला: कामट्यांचे आठ चौकोन, त्यांच्यामधले त्रिकोण, खालीं झिरमिळ्या. खळ साध्या कणकेची. किडे लागूं नयेत म्हणून पूर्वीं खळींत मोरचूद घालीत. तें विष आहे, मुलांच्या हातीं मुळींच देऊं नये. कारीटें कोठें मिळतील हेंही म्हाताऱ्यानेंच सांगितलें. रस्त्याच्या टोंकाला राडारोड्याचा ढीग आहे, त्यावर वेल पसरलेला होता. मुलांनीं पिशवी भरून आणलीं, आणि नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशीं डाव्या अंगठ्यानें फोडलीं, तेव्हां सारी इमारत जागी झाली.

त्याच सकाळीं परीक्षक आले. दोघे तरुण, हातांत वही. "कोणता किल्ला?" "उलव्याचा डोंगर," नात म्हणाली. "बरं, पण किल्ला कुठाय?" थोरल्यानें प्रमाण सांगितलें, नकाशा दाखविला. त्यांनीं "छान, छान" म्हटलें आणि पुढें गेले. पहिलें बक्षीस सिंधुदुर्गाला मिळालें. तो खरोखरच रेखीव होता, हें मला कबूल केलें पाहिजे. त्याचा तट नागमोडी काढण्यांत त्या मुलांनीं मेहनत घेतली होती. आमचा थोरला वर जाऊन पलंगावर उपडा पडला आणि मला म्हणाला, "मी सांगत होतों तुम्हांला." फराळाच्या ताटाला त्यानें हात लाविला नाहीं, आठ दिवसांपूर्वीं मीं जसा लाविला नव्हता तसाच. समजूत घालण्याचे पुष्कळ शब्द मला येतात. त्यांतला एकही त्या वेळीं खरा वाटेना.

संध्याकाळीं म्हातारा पाळीवर आला तो एकटा नव्हता. बायको, मुलगी, तिचीं दोन मुलें, आणि एक थकलेला भाऊ, असे सारे करंजाड्याकडून रिक्षानें डोंगर पाहावयास आले होते. म्हातारी वांकून, पदर सांवरून बराच वेळ पाहत राहिली. मग तिनें पायथ्याशीं एका जागीं बोट टेकविलें आणि भावाला कांहीं म्हणाली, तो म्हणाला, "नाय, पल्याड." दोघांचा त्यावर वाद झाला. त्यांचें घर विहिरीच्या अलीकडे कीं पलीकडे, याचा निकाल लागेना. नात धांवत वर गेली आणि भावाला घेऊन आली. वही त्याच्याजवळ होती. त्यानें म्हातारीला विहिरीपासून किती पावलें तें विचारलें, पावलांचे मीटर केले, मीटरांचे सेंटिमीटर केले, आणि पट्टीनें मोजून शाडूचा एक लहानसा चौकोन तेथें ठेविला. म्हातारीनें त्यापुढें एक पणती लावली, दुसरी गांवदेवीपुढें. सूनबाईंनीं सर्वांना वर नेलें. त्या मंडळींनीं आणलेल्या पिशवींत तांदळाच्या बोरांचा डबा होता. आमच्या चकल्या आणि त्यांचीं बोरें अशी अदलाबदल झाली, आणि थोरल्यानें त्या रात्रीं दोन्ही खाल्लीं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं गडगडाट होऊन पाऊस आला. ताडपत्री शोधीपर्यंत डोंगर खचला, नदीचा कागद वाहत जाऊन जाळीला अडकला, मोठ्या शिंगांचें वासरूं विरघळलें. जुळीं मोठ्यानें रडूं लागलीं. म्हातारा छत्री घेऊन पाहत होता. तो त्यांना म्हणाला, रडूं नका, पहिल्या खेपेला ह्याला सुरुंग लावावे लागले व्हते. आणि स्वतःच हंसला.

माती आम्हीं पुनः दोन्ही गोण्यांत भरून जिन्याखालीं ठेविली आहे. थोरल्यानें तीवर खडूनें नांव, उंची आणि प्रमाण लिहून ठेविलें आहे. २५ डिसेंबरापासून विमानें सुरू झालीं. तीं खालीं येऊं लागलीं म्हणजे जुळीं गच्चीवर हात वर करून 'आतां डोंगराच्या वर, आतां डोंगराच्या आंत' असें ओरडतात. सोसायटीच्या समितीकडून मात्र मला लेखी सूचना आली आहे कीं, जिन्याखालील राडारोडा महिनाअखेरपर्यंत हलवावा. मीं तीन प्रतींत अर्ज केला आहे. राडारोडा हा शब्द वगळावा, अशी त्यांत पहिली विनंती आहे. दुसरी, पुढच्या आश्विनापर्यंत गोण्या तेथेंच राहूं द्याव्या. अर्जावर खालीं चार नातवंडांच्या सह्या आहेत, आणि रखवालदाराचा अंगठा. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.